आहे त्याच माणसांत

९ जानेवारी

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले. उशिराचं कारण कामाचा व्याप असं लिहिणार होते, पण तू म्हणशील, कसला व्याप, दिवसभर खुर्ची तर उबवतेस. तेव्हा कारण राहू दे. मी बरी आहे. गुडघा थंडीत कुरकुरतो. वरच्या मजल्यावरचे लोक रोज पहाटे काहीतरी जड सरकवतात. एकदा वर जाऊन विचारणार आहे की बाबांनो, ते नेमकं कुठे न्यायचंय तुम्हाला.

फोन का उचलत नाहीस असं विचारलंयस. फोनवर तू रडतेस आणि मला काही सुचत नाही. हॉस्टेलात होते तेव्हापासून मला तुझ्याशी कागदावरच धड बोलता आलंय, हे तुलाही माहीत आहे.

मार्चअखेर क्वार्टर रिकामं करा अशी नोटीस वीज केंद्राने धाडली, हे वाचून अंगाचा तिळपापड झाला. एकतीस वर्षं ज्या फिटरने त्यांचे कोळशाचे पट्टे फिरते ठेवले, त्याच्या बायकोला वर्ष होतं न होतं तोच बाहेर काढतात! कपाट लेकीकडे पाठवतेस, पलंग शेजारच्या वेल्डरला देतेस, ते ठीक. जेवणाचं टेबल मात्र कुणाला देऊ नकोस. मी नेईन. "तुझ्या दीड खोलीत ते कुठे मावणार" असं विचारू नकोस, मावेल. आणि मी नेईपर्यंत हलवूही नकोस. आहे तिथेच राहू दे. जुनं आहे, उगाच पाय निखळायचा.

भाऊजींबद्दल जे लिहिलंस ते मला दोनदा वाचवलं नाही. "योजना आली होती. पंचावन्नच्या पुढच्यांनी पैसे घेऊन आधीच मोकळं व्हावं म्हणून अर्ज घरी आणून दिला होता. मी हाता-पाया पडले. ऐकलं नाही. हट्टापायी गेले आणि मला वाऱ्यावर सोडून गेले." आणि त्यांचा फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवलास. ताई, गेलेल्या माणसावर इतकं रागावू नये गं. हट्टी म्हणावं असे ते नव्हते. तुझ्याशी पत्त्यात हरल्यावर स्वतःहून चहा टाकणारा माणूस तो.

आता तू सांगितलेलं काम. "तू त्याच इमारतीत बसतेस जिथे कायदे होतात. धुळीचा नियम छापून तयार होता. वीस महिने तो कुणी दाबून ठेवला ते शोध. मला चौकशी समितीपुढे त्याचं नाव घ्यायचंय. त्याचे हात झडोत." ताई, इमारतीत सातशे माणसं आहेत. तरी विचारपूस केली. एवढंच कळलं की कुणी दाबून वगैरे ठेवला नव्हता. रांग होती, आणि नियम रांगेत होता. अशा गोष्टींना एक माणूस नसतो.

अठ्ठावीस फेब्रुवारीला वर्ष होईल, सगळे गेटवर जमणार आहेत, तू ये, असं लिहिलंयस. ते दिवस अधिवेशनाचे असतात, रजा मिळणं कठीण आहे. बघते. गोळ्या वेळेवर घे.

तुझी,
बजेटबाई
(भाऊजींनी ठेवलेलं नाव आहे, म्हणून अजून लिहिते.)


२ फेब्रुवारी

प्रिय ताई,

एवढ्या मोठ्या पाकिटात एकच ओळ. "रांग लावली कुणी?" खाली सहीसुद्धा नाही. लहानपणी मी शाळेतून मार खाऊन आले की तू अशीच विचारायचीस, मारलं कुणी, एवढंच. पुढचं तू बघून घ्यायचीस.

आमच्या विभागाचं काम तुला कधी नीट सांगितलंच नाही. एखादं विधेयक सभागृहात यायच्या आधी, त्यापायी सरकारी तिजोरीतून किती जाईल, हे आम्ही एका पानात लिहून देतो. त्याला टिपण म्हणतात. कायदा चांगला की वाईट, त्याने कुणाचं भलं होईल, कुणाचं वाटोळं होईल, हे आम्ही लिहीत नाही. मोठे साहेब नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगतात, "आपण पैशाचा अंदाज देतो, माणसांचा नाही."

अडीच वर्षांपूर्वी एक विधेयक आलं. त्यानुसार यापुढे ऊर्जा खात्याने काढलेला प्रत्येक नियम आधी आर्थिक तपासणी कक्षाकडे जायचा. नियमापायी वीज केंद्रांना खर्च किती, लोकांना फायदा किती, याचा अहवाल तिथे व्हायचा. अहवाल झाल्याशिवाय नियम लागू नाही. ऐकायला वाईट वाटत नाही. मलाही वाटलं नव्हतं. टेबलाशी बसून काहीही फतवे काढणारे लोक मी पाहिलेत, त्यांना कुणीतरी हिशेब विचारावा हे बरंच आहे.

भाऊजींचा तो धुळीचा नियम त्याच महिन्यात तयार झाला होता. कोळशाचा पट्टा ज्या बंद गॅलरीतून वर चढतो तिथे धूळ ओढून घेणारे पंखे, आणि स्फोट झालाच तर दाब बाहेर जावा म्हणून भिंतीत झडपा. तो नियम कक्षाकडे गेला. त्याच्या पुढे सोळा नियम होते. कक्षात माणसं सहा. विसाव्या महिन्यात गॅलरी उडाली. बाविसाव्या महिन्यात अहवाल आला: नियम फायद्याचा आहे, लागू करावा. नियमातला एक शब्दही बदलला नव्हता. आता पंखे बसवताहेत म्हणतात. बैल गेला नि झोपा केला.

तो अहवाल मी वाचला. फायद्याच्या रकान्यात लिहिलंय, टळणारे मृत्यू दरवर्षी शून्य पूर्णांक चार. भाऊजी आणि त्यांच्याबरोबरचा तो यंत्रांना तेल घालणारा ऑइलर, दोघे. म्हणजे पाच वर्षांचे एकदम. माझं डोकं हा भागाकार आपोआप करतं, ताई. मला त्याची लाज वाटते, पण ते थांबत नाही.

मग सहाच माणसं का, हे तू विचारणारच. कारण विधेयकाच्या टिपणात लिहिलं होतं: "तपासणीचे काम आहे त्याच माणसांत होईल. अतिरिक्त खर्च नगण्य." खर्च नगण्य, म्हणून पैसे दिले गेले नाहीत. पैसे नाहीत म्हणून माणसं नेमली नाहीत. माणसं नाहीत म्हणून रांग. सभागृहात ते विधेयक दहा मिनिटांत मंजूर झालं. फुकटच्या गोष्टीला कोण कशाला हरकत घेईल?

टिपण आमच्याच विभागातून गेलं होतं. कुणी लिहिलं ते बघायला जुन्या फायली काढाव्या लागतील. त्या तळघरात असतात, किल्ली मागावी लागते. वेळ लागेल.

तुझ्या लेकीचा फोन आला होता. म्हणाली, "मावशी, आई बाबांचा फोटो सरळ करू देत नाही. मी केला की पुन्हा उलटा करते." मी तिला म्हटलं, तिच्या कलाने घे. दुसरं काय सांगणार होते?

तुझी,
धाकटी


२६ फेब्रुवारी

प्रिय ताई,

हे पत्र उभ्याने वाचू नकोस. बसून वाच.

तळघरात जायची गरज नव्हती. किल्लीही मागितली नाही. तू समितीला अर्ज केलेस, खात्याला पत्रं पाठवलीस, युनियनच्या माणसाला दोनदा घरी बोलावलंस. काखेत कळसा आणि गावाला वळसा. ते टिपण मी लिहिलं.

आमच्याकडे एक पद्धत आहे. टिपण छापून जातं, पण त्याआधी पेन्सिलीने केलेली आकडेमोड फाडून टाकायची नसते. तिला आधारपत्रक म्हणतात. ते फाईलच्या मागे टाचून ठेवतात आणि पुन्हा कुणी उघडत नाही. त्याची नक्कल मी तेव्हाच करून ठेवली होती, ती या पत्रासोबत आहे. अक्षर तू ओळखशील. एका नियमाच्या तपासणीला एका माणसाचे एकशे चाळीस दिवस. वर्षाला पंचेचाळीस नियम. माणसं लागतील एकोणतीस, आहेत सहा. तेवीस नवी पदं. आणि खाली, कुणी विचारलं नव्हतं तरी, मी एक ओळ लिहून ठेवली होती: "पदे न दिल्यास सतराव्या क्रमांकाचा नियम एकवीस ते बावीस महिन्यांनी बाहेर येईल." सतरावा म्हणजे कुठला ते मला माहीत होतं. यादी माझ्या टेबलावरच होती.

तो शुक्रवार होता. मोठ्या साहेबांनी कागद पाहिला. "तेवीस पदं? बाई, नाकापेक्षा मोती जड. कक्षवाले स्वतः फोनवर सांगताहेत, आहे त्याच माणसांत भागवू. मग तुमच्या पोटात का दुखतंय?"

"सर, नाही भागणार. दिवस मोजलेत मी."

"मग ठेवा तुमचा आकडा. उद्या शनिवारी बैठक लावतो. त्यांच्यासमोर पटवून द्या, मी सही करतो."

हे मी मुद्दाम लिहिते आहे. साहेबांनी जबरदस्ती केली नाही. एक दिवस मागितला, बस. आणि माझ्या पिशवीत पाचच्या गाडीचं तिकीट होतं. तुझ्याकडे यायचं. वर्षभरात पहिल्यांदा सलग चार दिवस मिळाले होते. मी खोडरबर घेतलं, टिपणाच्या मसुद्यातले तेवीस खोडले, नगण्य लिहिलं, सही केली. गाडी सुटायला दहा मिनिटं असताना स्टेशनावर पोचले आणि तुझ्यासाठी संत्री घेतली. तुला आठवत असतील ती संत्री. आंबट निघाली होती, आणि तू तरी सगळी संपवलीस.

समितीकडे मी स्वतः गेले, गेल्या सोमवारी. तू जाण्याआधी मीच जावं असं वाटलं. कागद दिला, सगळं सांगितलं. नोकरी जाईल, पेन्शन अडकेल, पेपरात नाव येईल, सगळ्याची तयारी करून गेले होते. सचिव भला माणूस. त्याने पान उलटंपालटं करून पाहिलं आणि परत माझ्या पुढ्यात सरकवलं. म्हणाला, "बाई, समितीचा विषय आहे ठिणगी कुठून पडली. अंदाजपत्रक आमच्या कक्षेत येत नाही. तुम्ही उगाच मनाला लावून घेताय." मला चहा पाजला. जिन्यापर्यंत सोडायला आला.

आणि ऐक, या वर्षी कक्षाने तेवीस पदं मागितली. मागणीचा अंदाज माझ्याकडेच आला. तेवीसच्या तेवीस लिहिली, एकही कमी केली नाही. वरून कागद परत आला, त्यावर शेरा: "मूळ टिपणानुसार खर्च नगण्य आहे. मग ही मागणी आता कशी?" मूळ टिपण माझंच. रांगेत आज शंभरावर नियम आहेत. त्यात गॅसच्या शेगड्यांचा एक आहे, बॉयलरच्या झडपांचा एक. कुठला नियम कुठल्या महिन्यात बाहेर येईल ते मला काढता येतं. रोज काढते. कुणाला सांगू? ज्यांना सांगायचं ते सगळे म्हणतात, बाई, आपण पैशाचा अंदाज देतो.

आता राहिलेलं. हे समितीला सांगितलं नाही. ते फक्त तुझं आहे.

त्या रविवारी तू केस धुवायला गेली होतीस. भाऊजी तो योजनेचा अर्ज घेऊन आले आणि माझ्यासमोर टेबलावर ठेवला. सोमवारी द्यायची शेवटची तारीख होती. वर चष्मा ठेवला, वाऱ्याने उडू नये म्हणून. हळूच म्हणाले, "बजेटबाई, तू आतल्या गोटातली. खरं सांग. तो धुळीचा नियम येतोय का?"

"का हो?"

"येणार असला तर राहतो दोन वर्षं. पोरीचं शिक्षण होईल तोवर. नसेल येणार तर उद्याच सही करतो नि सुटतो. त्या गॅलरीत पाय ठेवला की हल्ली छातीत धडधडतं. ताईला बोलू नकोस हे, ती झोपायची नाही."

मी म्हणाले, "येईल की. वर्षाअखेर येईल."

एकवीस ते बावीस महिने हे आकडे दोन दिवसांपूर्वी माझ्या हातून लिहून झाले होते. मी वर्षाअखेर म्हणाले, म्हणजे सहाच महिने. खरं सांगितलं असतं तर शुक्रवारी काय खोडून आले तेही सांगावं लागलं असतं. आणि ते चार दिवस फार छान चालले होते, ताई. तुझ्या ओल्या केसांचा वास, तुम्हा दोघांचं पत्त्यांवरून भांडण. मला ते बिघडवायचं नव्हतं. एवढंच कारण आहे. याहून मोठं कारण मी वर्षभर शोधते आहे, सापडत नाही.

ते हसले. अर्जाची चौकोनी घडी केली, खाली वाकले आणि टेबलाच्या आखूड पायाखाली सारली. "चला, हा कागद एकदाचा कामाला आला." तेवढ्यात तू आलीस आणि विचारलंस, काय खुसुरफुसुर चाललीय? ते म्हणाले, काही नाही, टेबल डुगडुगत होतं.

म्हणून टेबल हलवू नकोस म्हणाले होते. आता खुशाल हलव. खिडकीकडचा डावा पाय. कोरा अर्ज आहे, धुळीने काळा पडला असेल.

तू वर्षभर एका मेलेल्या माणसावर रागावली आहेस आणि मी ते होऊ दिलं. तुझी पत्रं येत होती, मी वाचत होते, आणि "रागावू नये गं" असं उत्तर लिहीत होते. स्फोटाचं मी एक वेळ म्हणेन की माझ्या एकटीचं नाही. हे मात्र माझ्या एकटीचंच आहे. त्यांनी हट्ट केला नाही. त्यांना भीती वाटत होती, त्यांनी विचारलं होतं, आणि ज्या माणसाला खरं माहीत होतं त्यालाच विचारलं होतं. फोटो सरळ कर, ताई.

परवा मी गेटवर येणार नाही. रजा मिळाली असती, मागितलीच नाही. हात झडोत असं तू लिहिलं होतंस. हात शाबूत आहेत. त्याच हाताने हे लिहिते आहे आणि उद्या सकाळी याच हाताने आणखी एक टिपण लिहीन, कारण मला दुसरं काही येत नाही.

उत्तराची वाट पाहते असं दर पत्राखाली मनात म्हणायचे. आज म्हणत नाही.

खाली काय लिहावं सुचत नाही. बजेटबाई म्हणणारा माणूस माझ्या शब्दावर तिथे थांबला, ते नाव आता मला घेता येत नाही. धाकटी म्हणायचं की नाही ते तुझ्याकडे. तोवर टिपणाच्या पानावर सहीच्या वर जे छापलेलं असतं तेच लिहिते.

अंदाज तयार करणारी